भट्टीवाल्याचे त्रेचाळीस भाऊ

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही गोष्ट सोडून आम्ही कोण, कुठले, कोणापैकी हे हुडकत बसाल. ती खोड आपल्या सगळ्यांनाच आहे. एवढंच सांगतो की आडनाव तीन अक्षरांचं आहे, त्याला काही अर्थ नाही आणि आमचं शहर सोडलं तर ते कुठेही सापडत नाही. शहरात मात्र डोळे मिटून दगड भिरकावला तरी आमच्यापैकी कोणाला तरी लागेल. दातांचा डॉक्टर आमचा, मोटार शिकवणारे दोन वर्ग आमचे, पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यालाही आमचंच नाव. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत आम्ही दीड पान होतो.

हे दीड पान आलं कुठून, हे कोणी कधी विचारलं नाही. संख्या मोठी दिसली की लोक घराणंही मोठं असणार असं धरून चालतात. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

विचारायची पाळी माझ्यावर आली ती आमच्या अध्यक्षांमुळे. हे माझे चुलतभाऊ. म्हणजे लहानपणापासून मी त्यांना तसंच समजत आलो. फरश्यांचं तीन मजली दुकान, आवाज मोठा, मन त्यामानाने बरं. त्यांनी आमच्या आडनावाचं मंडळ काढलं, दर दोन वर्षांनी मेळावा भरवायला सुरुवात केली, आणि यंदा त्यांना पुस्तक हवं होतं: आडनावाचा इतिहास. मी छापखान्यात यंत्रावर असतो आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांना पत्रं पाठवून लोकांशी भांडत असतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. मुखपृष्ठ त्यांनी आधीच करून घेतलं होतं. सिंह, तलवार, मागे उगवता सूर्य. मूळपुरुष कोणीतरी सेनापती असावा असं त्यांचं म्हणणं. असावा म्हणजे मी तो कुठून तरी पैदा करावा.

मी सेनापती शोधायला गेलो चिनीमातीच्या कारखान्यात. कारण साधं होतं. मंडळात त्रेचाळीस घरं, आणि प्रत्येक घरातला आजोबा नाहीतर बाप त्याच कारखान्यात नोकरीला होता. कारखाना बंद पडून आता बरीच वर्षं झाली. रखवालदाराने कचेरी उघडून दिली. फुटक्या बशांच्या ढिगामागे लोखंडी कपाट होतं आणि त्यात भरतीची बुकं. रकाने आखलेले: नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, आतलं कोण ओळखीचं, त्याच्याशी नातं. आईला रकाना नव्हता.

आमचं आडनाव पहिल्यांदा आलं ते एका भट्टीवाल्याच्या नावापुढे. भट्टी भरायची, पेटवायची, दोन दिवस तिची आच राखायची, हे त्याचं काम. त्याच्या नात्याच्या रकान्यात नुसती रेघ. पुढची दोन वर्षं मात्र तेच आडनाव, तोच बाप, आणि नात्याच्या रकान्यात दरवेळी एकच शब्द: भाऊ. मी बोट ठेवून मोजत गेलो. त्रेचाळीस भाऊ. सात जण एकाच साली जन्मलेले, त्यातले दोघे एकाच महिन्यातले. बेचाळिसावा माझा बाप.

बाबांनी त्या कारखान्यात एकतीस वर्षं कपांना कान लावले. ओल्या कपाला ओला कान, मधे पातळ मातीचा लेप, अंगठ्याने एकदाच दाबायचं. दुसऱ्यांदा दाबलं की कान वाकडा. मी घरी आलो तेव्हा ते गॅलरीत बसून नखं कापत होते. मी विचारलं, बाबा, तुम्हाला भाऊ किती. त्यांनी वर पाहिलं नाही. मी वहीत उतरवून आणलेली यादी वाचायला घेतली. एकाच सालचे सात, असं म्हणालो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"सात नाही, आठ. एकाने वय चोरलं होतं."

बाकीचं त्यांनी नखं संपल्यावरही नेलकटर हातात घट्ट धरून सांगितलं. कारखान्याचा नियम होता, आतल्या कायम कामगाराच्या रक्ताचा असेल त्यालाच घ्यायचं. नवा माणूस चुकला तर जुन्याची मान पकडता येते, एवढाच त्यामागचा विचार. ज्यांचं आत कोणी नव्हतं ती माणसं फाटकाबाहेर सकाळपासून उभी असायची. बाबा सात दिवस उभे होते. आठव्या दिवशी पाळी संपवून भट्टीवाला बाहेर आला आणि त्यांना म्हणाला, काय रे, रोज दिसतोस, फाटक विकत घ्यायचंय का. मग दंडाला धरून भरतीच्या खिडकीशी नेलं.

"हा माझा भाऊ," तो कारकुनाला म्हणाला.

कारकुनाने विचारलं, आणखी एक? त्यावर भट्टीवाला म्हणाला, बाप फार कष्टाळू होता. कारकून हसला आणि लिहून घेतलं. त्रेचाळीस वेळा त्याने असं लिहून घेतलं. आमच्या आडनावाचा उगम तो हा. त्याआधी ते एका माणसाचं होतं, त्याच्याही आधी त्याच्या बापाचं, आणि त्याच्या मागे कोण होतं हे खुद्द भट्टीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. आमचं खरं आडनाव काय होतं ते बाबांनी त्या दिवशी सांगितलं. ऐकायला परक्याचं वाटलं.

मी विचारलं, मग लपवायचं काय त्यात? बाबांनी नेलकटर मिटलं.

तीन वर्षांनी नवा मॅनेजर आला. त्याने बुक उघडलं आणि माझ्यासारखंच बोट ठेवून मोजलं. त्रेचाळीस जणांना भट्टीवाल्यासकट अंगणात उभं केलं. सगळ्यांना काढलं असतं तर कारखाना बंद पडला असता, हे त्यालाही कळत होतं. तो म्हणाला, खोटं बोलणारा एक जण जाईल, बाकीचे राहतील. भट्टीवाला पुढे झाला. त्याला काढल्याच्या कागदावर कारण लिहिलं: खोटी माहिती दिली. तो कागद पाहिला की दुसरा कुठलाही कारखाना दारातूनच परत पाठवायचा. त्रेचाळीस नावं मात्र बुकात तशीच राहिली, कारण ती खोडायची तर मालकाला सगळं सांगावं लागलं असतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. कान लावले."

त्रेचाळीस माणसं त्याचं आडनाव छातीशी धरून आत गेली आणि तो बाहेर राहिला. त्याच्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही. पुढे त्यांनी लग्नं केली, मुलं केली, मुलांना ते आडनाव दिलं आणि ही गोष्ट तेवढी गिळून टाकली. माझ्या बापानेही. मी त्यांना त्या संध्याकाळी जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण एकही शब्द मागे घेत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्याची मुलगी आहे. भाजीबाजाराच्या मागे शिवणकाम करते. मी त्या रस्त्याने जात नाही.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. जिन्याखालची खोली, एक यंत्र, भिंतीवर दुरुस्तीला आलेले कोट टांगलेले. बाई सत्तरीच्या. मी कोणाचा ते सांगितलं तेव्हा त्यांनी पायडलवरचा पाय काढला नाही. कपांच्या कानवाल्याचा का, म्हणाल्या. बाबांनी त्यांना लहानपणी एक बोटभर उंचीचा कप करून दिला होता. तो त्यांनी फेकून दिला असं त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

"मला त्रेचाळीस काका होते," त्या म्हणाल्या. "शाळेत कोणाचा विश्वास बसायचा नाही. मग एका दिवसात एकही उरला नाही."

त्यांच्याकडे बापाचा तो कागद होता, यंत्राच्या खणात, रिळांच्या खाली. बाप त्यानंतर विटांच्या भट्ट्यांवर राबला, खोकला आणि गेला. त्यांचं लग्न झालं, आडनाव बदललं, नवराही गेला. म्हणजे त्या आडनावाचं रक्त शहरात जिच्या अंगात होतं ती एकटी बाई सोडून बाकी सगळे आम्ही ते मिरवत होतो. पुस्तकाचं कळल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली: त्यात माझ्या बापाचं नाव येणार का, आणि तो खोटं का बोलला ते येणार का? मी म्हणालो, पहिल्याच पानावर. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, कबूल करायच्या आधी घरी विचारून या. तुमच्या घरी विचारायची पद्धत नाही, माहीत आहे मला.

मी घरी विचारलं नाही. लिहिलं. दहा पानं झाली आणि ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दुकानात गिऱ्हाईक थांबवून वाचली. चेहरा उतरला, ते मी पाहिलं. मग दार लावून घेतलं. हे छापलं तर आपण कोण उरतो, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न मला खोटा वाटला नाही. त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो समोरच होता. बुकातला त्रेचाळिसावा. मी म्हणालो, जे आहोत तेच उरतो, फक्त सेनापती वजा. पहिलं प्रकरण काढ, नाहीतर मंडळ पुस्तक उचलणार नाही, असं त्यांनी बजावलं. बाईंना मेळाव्याला बोलवायचं म्हटलं तर मंडळाच्या घटनेवर बोट ठेवलं. लग्न होऊन गेलेल्या मुली सभासद होऊ शकत नाहीत, नियम आहे.

"नियम?" मी म्हणालो. "आपल्यातला एक तरी नियमात बसून आत आलाय का?"

ते बधले नाहीत. मी पहिलं प्रकरण काढलं नाही. छापलं, तीनशे प्रती, मुखपृष्ठ त्यांचंच लावून, कारण ते आधीच छापून पडलं होतं. गठ्ठे बांधले आणि मेळाव्याच्या सकाळी सभागृहाच्या दाराशी नेऊन ठेवले. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोरी तशीच राहू दिली. बाईंना मी बोलावलं होतं. बाबांशी महिनाभर मी जेवढ्यास तेवढंच बोलत होतो. ते येणार की नाही हेही मला माहीत नव्हतं.

दाराशी टेबल, टेबलावर यादी आणि बिल्ले. तिथे अध्यक्षांची सून बसली होती, चांगली हसतमुख मुलगी. प्रत्येकाला नाव विचारायची, यादीत खूण करायची, छातीवर आडनावाचा बिल्ला लावून द्यायची. बाई आल्या, इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. सुनेने आडनाव विचारलं. त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. सुनेने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली, आणि अगदी नम्रपणे विचारलं, मग आमच्यापैकी कोणाशी नातं काय?

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, मोठं आणि झोंबणारं. पण बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या मान वळवून रस्त्याकडे पाहत होत्या, आणि आता त्या परत जाणार हे मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात मागून काठी वाजली. बाबा रांगेत होते. कधी आले कोण जाणे. ते पुढे आले, बाईंच्या दंडाला धरलं आणि टेबलाशी उभे राहिले.

"ही माझी पुतणी. माझ्या थोरल्या भावाची मुलगी."

सून गोंधळली. आजोबा, तुम्हाला थोरला भाऊ होता?

"त्रेचाळीस भाऊ होते," बाबा म्हणाले. "थोरला एकच. लिही."

रांग थांबली. मागच्या पोरासोरांना काही कळेना, दोन-तीन म्हाताऱ्यांना मात्र सगळं कळलं. ते जमिनीकडे पाहू लागले. अध्यक्ष लगबगीने आले आणि हळू आवाजात म्हणाले, काका, आत बसून बोलू या. बाबा म्हणाले, आत बसूनच साठ वर्षं गेली. मग त्यांनी अध्यक्षांच्या वडिलांचं सांगितलं. ते बाबांच्या नंतर चार दिवसांनी लागले, खिडकीशी उभे राहून रडत होते, स्वतःचं नवं आडनाव त्यांना तिथल्या तिथे दोनदा विचारून घ्यावं लागलं. हे बाबांनी मोठ्याने सांगितलं नाही. पण कुजबुजलेही नाहीत.

बाईंनी त्यांचा हात दंडावरून काढला नाही. तेव्हा कुठे होतात, काका, एवढंच विचारलं.

अध्यक्षांनी सुनेच्या हातातलं पेन घेतलं, कोरा बिल्ला ओढला आणि खाली वाकून विचारलं, आडनाव कोणतं लिहू, ताई?

"माझं आहे तेच लिहा," त्या म्हणाल्या. "बापाचं तुमच्या छातीवर आहेच."

त्यांनी तसंच लिहिलं. मग ते गठ्ठ्यांकडे वळले आणि दोरी कापायला काहीतरी द्या म्हणाले. बाईंनी पिशवीतून कात्री काढून दिली, शिवणाची, धार लावलेली. पहिली प्रत त्यांच्याच हातात गेली. त्यांनी आधी पहिलं पान उघडलं, उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचलं, बापाच्या नावावर एकदा अंगठा दाबला. दुसऱ्यांदा नाही. मग पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठावरच्या सिंहाकडे पाहत बाबांना विचारलं, हा कोण?

"हा आपल्यातला नाही," बाबा म्हणाले. "पण आलाय तर राहू दे."