छताची गोधडी

बाळंतिणीला कोणी काही विचारत नाही. खा म्हटलं की खायचं, नीज म्हटलं की निजायचं. पण माझी पोट्टी दिवस भरायच्या आधीच आली होती, उचलली तर हात रिकामाच वाटे असली, आणि बाहेर पौषाची थंडी. मी काय गप्प पडून राहणार होते? हट्!

लढाईचे दिवस होते ते. आगगाड्या लष्करानं भरलेल्या, म्हणून माहेरी नागपूरला जाणं राहून गेलं आणि जबलपूरलाच, कारखान्याच्या क्वार्टरात बाळंत झाले. आमचे हे तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर. जादा पाळ्या करून घरी येत ते फक्त झोपायला. घरात मी, सासूबाई आणि बाजेखालची शेगडी. त्या शेगडीचा मान आम्हा दोघींपेक्षा मोठा. सव्वा महिना ती विझता कामा नये, असा सासूबाईंचा नेम. पण कोळसा आणायचा कुठून? कोळशाच्या टालावर सकाळपासून रांग लागे, आणि आपली पाळी आली की टालवाला हात हलवून म्हणे, "खतम हो गया, भैया. सब फौज के लिए गया." गोवऱ्या पेटवल्या की पोट्टी धुरानं कासावीस होई.

आदल्या पौषात याच खोलीत माझा मुलगा गेला होता. बारसंसुद्धा झालं नव्हतं त्याचं. पहाटे अंग गार पडलं आणि संपलं. म्हणून या वेळी सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, "बारसं-बिरसं काही नाही. आधी जगू दे, मग नाव ठेवू." माझं सगळं करत होत्या त्या. डिंकाचे लाडू, शेक, तेल, कशात कसूर नाही. पण पोट्टीला मांडीवर घेत नव्हत्या. न्हाऊ घालायचं दाईनं, उचलायचं मी. मला त्याचा असा राग येई की सांगता सोय नाही.

एका सकाळी त्यांनी ओव्याची धुरी दिली. मी आपली पडल्यापडल्या धूर बघत होते. धूर सरळ वर गेला आणि खपरेलीच्या, म्हणजे छताच्या कौलांच्या, फटींतून बाहेर. खोलीत थांबलाच नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, धूर जातो तिथूनच ऊबही जाते! आम्ही इतका कोळसा जाळून आभाळ तापवून राहिलो होतो.

हे पाळीवरून आले तशी मी म्हटलं, "अहो, भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवे बांबू टाका आणि वरून तणीस पसरा. कुंडमकडून धानाच्या पेंढ्याच्या गाड्या येतात ना बाजारात?"

ते 'बघतो' म्हणायच्या आत सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "बांबू अन् तणीस? बाळंतिणीच्या डोक्यावर? रत्नाकर, घरात तिरडी बांधून राहिला का रे?"

यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि शेवटी स्वतःच्या बुटांकडे बघत बसले.

"मागच्या वर्षी तर वर काहीच नव्हतं, आई," मी म्हणाले. "तरी गेलाच ना तो?"

सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या परत चुलीपाशी गेल्या.

पण माघार घेईन तर नावाची अंजनी नाही. बांबू नको तर नको. दुसऱ्याच दिवशी यांच्याकडून तणीस आणवली, रिकामी पोती आणवली, आणि बाजेवर बसून पोती उसवून एकाला एक जोडायला घेतली. दोन पोत्यांच्या मधे तणीस भरायची आणि वरून टाके घालायचे. गोधडी शिवतो ना आपण, तशीच. मग ती दोरांवर छताखाली टांगायची. आता गोधडीला तर कोणी तिरडी म्हणणार नाही!

दाभण एकदोनदा ओढला असेल नसेल, सासूबाई दारात.

"अवं माय! बाळंतीण अन् टाके घालते? डोळे जातील ना, पोरी! काहून ऐकत नाहीस तू?"

"मग कोण घालणार?" मी हात थांबवला नाही. "डोळे गेले तर गेले. पोट्टी माझी आहे."

त्यांनी माझ्या हातातून दाभण हिसकावला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "असे टाके? यातून सगळी तणीस पोट्टीच्या तोंडावर पडंल. चल, सरक." आणि शिवत राहिल्या. शिवता शिवता तोंड चालूच. आजकालच्या सुना, नागपूरचं वळण, माझ्या वडिलांचा हट्टी स्वभाव, सगळ्यांचा उद्धार झाला. पण टाके काय घालत होत्या! जवळजवळ, घट्ट, एका रेषेत. मी तोंडाला पदर लावून हसले.

सुट्टीच्या दिवशी यांनी दोर ताणून ती गोधडी टांगली. भिंत आणि खपरेल यांच्या मधल्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून शेणमाती थापली. दाराला जुनी सतरंजी लावली. संध्याकाळपर्यंत खोली अशी उबदार झाली की मी अंगावरची शाल काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र माझं डोकं जड झालं. मळमळायला लागलं. पोट्टीला पाजायला घेतलं तर ती तोंडच लावेना, मान टाकली तिनं. सासूबाई नळावर गेलेल्या. मी वर गोधडीकडे पाहिलं, खाली शेगडीकडे पाहिलं, आणि समजले. ऊब कोंडली तशी निखाऱ्यांची खराब हवाही आत कोंडली होती. पोट्टीला घेऊन मी ओसरीवर उन्हात आले आणि ती रडेपर्यंत तिचे तळवे चोळत राहिले. रडली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग दार उघडं टाकलं आणि ती शेगडी ओढत ओढत बाहेर आणली.

सासूबाई आल्या. कळशी तशीच कमरेवर. "शेगडी बाहेर काढली तू?"

"ओसरीवर पेटती राहू द्या, तुमचा नेम मोडत नाही मी. तिच्यावर विटा तापवू, चिंध्यांत गुंडाळू आणि पोट्टीच्या दोन्ही अंगांना ठेवू. आत निखारा नको. आता वरून ऊब जात नाही, आई."

"अन् पहाटे गार पडली तर?" त्या पोट्टीकडे बघत म्हणाल्या. "मागच्या वेळी पहाटे माझा डोळा लागला, अंजनी. शेगडी विझली. माझ्यामुळं गेला तो."

कळशी खाली ठेवून त्या तिथंच बसल्या आणि ढसाढसा रडल्या. वर्षभर हे मनात दाबून ही बाई मला लाडू करून घालत होती! माझा सगळा राग तिथंच संपला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "एक पहाट बघू. दोघी मिळून बघू."

ती पहाट अशी गार होती की कळशीतल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. सासूबाई ओसरीवर जाऊन आल्या आणि दारातच थिजल्या. "विझली गं. वाऱ्यानं सगळी राख झाली."

विटाही केव्हाच निवल्या होत्या. मी त्यांचा हात धरून दुपट्यात घातला, पोट्टीच्या पायांवर ठेवला. पाय गरम होते. त्यांनी हात काढला नाही. दुसरा पाय चाचपला, पोट चाचपलं, कपाळ चाचपलं.

"शेगडी विझली म्हणून नाही गेला तो," मी म्हणाले. "वर छप्पर उघडं होतं, आई. तुम्ही जाग्या असता तरी गेला असता."

त्यांनी वर पाहिलं, स्वतःच्या टाक्यांकडे. मग बाजेवर माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि हात पुढे केले.

"आण इकडे."

पोट्टीला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. डोळे गळत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"बारशाला गूळ पुरेल ना गं घरात?" त्या म्हणाल्या. "अन् नाव काय ठेवायचं हिचं?"