बाबाची लाल हळद

डोंगरकडा गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि तिच्या पाठोपाठ हळदबाबा आला. दोघांनाही गर्दी मानवते. मारुतीच्या पाराभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबा रोग्याच्या कपाळाला ओली हळद फासायचा, वर बोटं फिरवायचा, आणि पिवळी हळद डोळ्यांदेखत लालभडक व्हायची.

"आली! आई आली!" तोंडातला विडा सावरत बाबा ओरडे. "आता पाण्याचा थेंब पाजाल तर आई कोपंल. मंग मला बोल लावायचा न्हाई!"

रोगी मेला की घरच्यांनी पाणी पाजलं, जगला की बाबाने वाचवला. असा बिनतोट्याचा धंदा निजामाच्या राज्यात दुसरा नव्हता.

भिकाबाईच्या निर्मलाचीही हळद लाल झाली. तेव्हापासून ते लेकरू पाण्यासाठी रडत होतं आणि आई पाराशीच भरलेली घागर पदराने झाकून बसली होती.

इतक्यात गावच्या शाळेचे धर्मसिंग मास्तर हिंगोलीहून परतले. देव नको, माणुसकी हाच धर्म, असं तिथे व्याख्यान देऊन आले होते. त्यांनी गर्दीतल्या खाजा मियांच्या पानाच्या डबीतला चुना घेतला आणि तळहातावरच्या हळदीत चोळला. तळहात लाल झाला.

"मुरगळल्या पायाला हळद-चुन्याचा लेप तुमीच लावता ना? तो लालच होतो ना? मंग हितं आई कुठून आली? याच्या बोटाला विड्याचा चुना हाय!"

"बराबर," खाजा मिया म्हणाले. "सकाळपासून माझाच चुना मागून राहिला."

बाबा पळाला. गावातल्या सोनाजीने त्याचं धोतर तेवढं धरून ठेवलं. गाव पोट धरून हसलं. मास्तर पारावर चढले. विवेक, मानवता, माणूसच माणसाचा देव. फार सुंदर बोलले.

"आता पाजू का?" भिकाबाई विचारत होती. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा निर्मलाचं रडणंही थांबलं होतं.

"बाबानं पाजू दिलं न्हाई," भिकाबाई म्हणाली. "तुमाला तर समदं ठावं हुतं. तुमी काहून पाजलं न्हाई, मास्तर?"

मास्तर खाली उतरले. घागर उचलली आणि पारावरच्या बाकीच्या रोग्यांना पाणी पाजत सुटले.

हळद चुन्याने लाल होते, देवीने नाही, हे घरोघर सांगा. पटकीच्या रोग्याला उकळलेलं पाणी द्या. देवाची जागा माणुसकीला द्यायची तर खुशाल द्या, मलाही तेच हवं आहे. पण आधी पाणी पाजा. भाषण नंतर करता येतं.