पाठीच्या पिशवीतली नोटीस

कागद हातात आला की वाचायचा सोडून माझ्या पाठीच्या पिशवीत कोंबायचा, ही आमच्या धाकट्याची खोड. मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे, टपालपेटी नव्हे. चौदा वर्षं या घरात काढली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माणसं बरोबर ओळखते.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या दांड्यांत तोंड दिसायचं. गल्लीतले म्हणायचे, "काय दणकट आहे हो!" आता कुणी फडकंही मारत नाही. मी घरात आले त्या दिवसापासून ताई माझ्यावर बसून शिवणकाम करते. तिचे पाय आखडतात. दर महिन्याला इंजेक्शन मिळालं की सैल पडतात. ते मिळतं अपंगांच्या सरकारी आरोग्य योजनेतून, पण हप्ता वेळेवर गेला तरच. तो भरायचं काम तिच्या धाकट्या भावाकडे.

गेल्या महिन्यात माझं डावं चाक निखळलं. त्याच सकाळी नोटीस आली: वीस तारखेपर्यंत हप्ता भरा, नाहीतर लाभ बंद. धाकट्याने सवयीने ती पिशवीत खुपसली आणि मला दुरुस्तीला टाकून आला. नोटीसही माझ्यासोबत गेली!

दुकानात मी सायकलींच्या मागे, तोंड भिंतीकडे. भिंतीवर कॅलेंडर. मिस्त्री रोज एकेका तारखेवर काट मारायचा. सतरा. अठरा. माझा जीव टांगणीला लागला. एकोणीसला धाकटा डोकावला.

"झाली का?"

"बेअरिंग यायचंय, साहेब."

त्याचा हात पिशवीपासून वीतभर. मी ओरडले, "अरे, आत बघ!" त्याला वाटलं, चाक करकरतंय. गेला निघून.

बावीसला मिस्त्रीने पिशवी झटकली, कागद वाचला आणि फोन लावला. धाकटा धावत कार्यालयात गेला, दंडासकट हप्ता भरला. खिडकीवरची बाई म्हणाली, "योजना पुढच्या महिन्यापासून चालू. या महिन्याचं इंजेक्शन नाही."

मी घरी आले, तर ताईला माझ्यावर बसवायला दोघं लागले. गुडघे वळेनात. अर्ध्यावरचं शिवणकाम मशीनवर तसंच पडलेलं.

"ताई, मला वाटलं, कागद दोन-चार दिवसांनी वाचला तर काय होतंय!"

"तुला काय होणार? पाय माझे आहेत."

मित्रांनो, ज्याच्या जिवाचा कागद, त्याच्या हातात तो पोचू द्या. आता जरा बाजूला व्हा. मला याच्याशी बोलायचंय.

"धाकट्या, ताईवर तुझी माया आहे, नाही म्हणत नाही. पण हे काम तुझ्याकडून काढून घेतलं. हप्ता ताई स्वतः भरेल. तू फक्त मला ढकलत तिला खिडकीपर्यंत न्यायचंस, आणि तेही मुकाट्याने."