धमनीच्या कैचीत

थोरली जाऊ वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायची. घरात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत, पण औषधपाण्याचं काही निघालं की तिला कुणी विचारत नसे. “ती मेलेल्यांची डॉक्टर,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. त्यात टोमणा नव्हता. मास्तरीणबाईंनाही ते सोयीचं होतं. जिवंत माणसं फार बोलतात, असं त्यांचं मत होतं.

धाकटी जाऊ घरीच शिवणकाम करायची. मूळचीच शेलाटी, त्यात टायफॉइडनं तिला असं झोडपलं की नुसती हाडं आणि कातडी उरली. ताप गेला, पण जेवण काही परतलं नाही. चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं आणि थोड्या वेळानं हिरवीगार उलटी. सुरुवातीला सगळं घर धावलं. डॉक्टरांनी नळी घालून दुर्बिणीतून जठर पाहिलं. व्रण नाही, गाठ नाही. गोळ्या झाल्या, पथ्यं झाली, आणि हळूहळू घराचा धीर सुटला.

“खायचंच नाही असं मनात घेतलंय तिनं,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरं काही नाही.”

धाकटीच्या नवऱ्यानं मुकाट्यानं मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. मास्तरीणबाईंनीही मान डोलावली. त्यांना वेगळं काही वाटत नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी उसवलेली बाही घेऊन त्या शिवणाच्या खोलीत गेल्या. दार नुसतंच लोटलेलं होतं. धाकटी जमिनीवर गुडघे टेकून, छाती खाली घालून, कपाळ हातांवर ठेवून पडली होती.

“काय गं, सुई हरवली का?”

धाकटी दचकली, पण उठली नाही. “नाही वहिनी. जेवल्यावर असं पडलं की जरा बरं वाटतं.”

“आणि उताणी झोपलीस की?”

“जीव नकोसा होतो. डाव्या कुशीवर चालतं. कुणाला सांगू नका हं, आधीच वेडी ठरलेय मी.”

मास्तरीणबाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. बाही मांडीवर तशीच राहिली.

“उलटी दर वेळी हिरवी असते?”

“हिरवी आणि कडूजहर.”

हिरवी, म्हणजे त्यात पित्त होतं. लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, जठरापासून निघून स्वादुपिंडाच्या डोक्याला वळसा घालतो; त्या वळशाच्या उतारावर पित्ताची नळी उघडते. म्हणजे वाट अडली असेल तर ती त्याच्याही पुढे. आणि पुढे ते आतडं आडवं होऊन दोन धमन्यांच्या मधून जातं: मागे कण्यालगतची महाधमनी, पुढे तिच्यातूनच फुटून खाली उतरणारी दुसरी. दोघींमध्ये चरबीची छोटीशी उशी असते. माणूस झपाट्यानं वाळला की ती उशीही वितळते. दरवर्षी वर्गात हे सांगताना त्या फळ्यावर एक कैची काढायच्या. उताणं झोपलं की कैची मिटते, पालथं झालं की जरा उघडते.

“तुला वेडबिड काही लागलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आतडं चिमटतंय तुझं.”

धाकटी उठून बसली. मग तिला रडू फुटलं. मास्तरीणबाईंना अशा वेळी काय करायचं ते कळत नसे. त्यांनी बाही पुढे केली. धाकटीनं त्या बाहीलाच डोळे पुसले.

डॉक्टर आधी हसले. “मॅडम, हे पुस्तकात असतं हो!”

“पुस्तकात कुणाचं तरी पोट बघूनच लिहिलंय ना? एकदा स्कॅन करून बघा.”

स्कॅनमध्ये जठर आणि वरचं आतडं फुगलेलं दिसलं, आणि धमन्यांच्या जागी त्याची अगदी चपटी पट्टी झालेली. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून अडलेल्या जागेच्या पलीकडे नेली आणि तिच्यातून अन्न चालू केलं. अंग भरलं तर उशीही परत येईल, नाही आली तर शस्त्रक्रिया, असं ते म्हणाले.

अंग भरलं, पण सावकाश. मधेच वजन अडलं, सगळ्यांचे चेहरे उतरले, मग पुन्हा चढलं. नळी निघाल्यावर सासूबाई थोड्या थोड्या वेळानं वाटी घेऊन धाकटीच्या पुढ्यात उभ्या राहू लागल्या. झालं-गेलं त्या कधी बोलल्या नाहीत.

धाकटीनं मात्र एक हट्ट धरला. “वहिनी, मला ती जागा बघायचीय.”

“चित्र दाखवते की.”

“चित्र नको. खरी.”

मास्तरीणबाईंनी विभागप्रमुखांची परवानगी काढली आणि वर्ग सुटल्यावर तिला विच्छेदनाच्या खोलीत नेलं. औषधाच्या वासानं दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलावर देहदान केलेल्या एका म्हातारीचं शरीर होतं. मास्तरीणबाईंनी मोठं आतडं वर उचलून धरलं आणि हातमोजा घातलेलं धाकटीचं बोट धरून दोन धमन्यांच्या मध्ये घातलं. बोट आरामात मावलं.

धाकटीनं ते बराच वेळ काढलं नाही.

“एवढीशीच जागा?”

“एवढीशीच.”

“आजी कशानं गेल्या?”

“म्हातारपणानं.”

“म्हणजे नीट जेवत असतील,” धाकटी म्हणाली. तिनं बोट काढलं, आणि चादर दोन्ही बाजूंनी सारखी करून म्हातारीच्या अंगावर घातली.

बाहेर आल्यावर दोघींनी हात धुतले. “मला भूक लागलीय,” धाकटी म्हणाली.