तिजेचा घाटा

जागेश्वर लाखनीच्या बहिणीकडून परत आला तोच मुळी मिशीत हसत. हातपाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही, ओसरीत उभा राहूनच बायकोला म्हणतो, "अवं, बाई येऊन राहिली तिजेले."

रुखमा तांदूळ पाखडत होती. सूप हातातच राहिलं. "कोन? गोदावरीबाई? आपल्या घरी?"

"मंग कोनाच्या? भाऊजीच्या दुकानात जाऊन दोन घंटे बसलो ना मी. त्यायनं चहा पाजला, पन बाई काही मागच्या खोलीतून बाहेर ये ना. शेवटी म्हटलं, बाई, आईची पहिली तीज हाये, लेकच नाई आली तर तिले कसं वाटन? तवा आली समोर. म्हणते, आई करे तसा आंब्याचा घाटा असन तर येतो, नाईतर नाई येत. त्या घरात माह्यासाठी दुसरं उरलं काय?"

"मंग तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, असनच! आईनं रुखमाले शिकवून ठेवला हाये."

आता बोला! या माणसाला काय म्हणावं? खोटं बोलायची सवय नाही, म्हणून कधी बोलला तर असं बोलतो की दुसऱ्याने निस्तरावं. देवकाबाईने सुनेला आंब्याचा घाटा शिकवला होता म्हणे! सोळा वर्षं रुखमा त्या घरात नांदली. भात, वरण, पातोड्या, लोणची, सगळं सासूच्या हाताखाली शिकली. पण तिजेच्या सकाळी देवकाबाई सुनेला अंगण सारवायला लावायची, विहिरीवर पाठवायची, आणि स्वतः सैपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. दार उघडायचं ते घाट्याचा पितळी गंज हातात घेऊनच.

आमच्या झाडीपट्टीत अक्षय तृतीयेला तीज म्हणतात. त्या दिवशी पितरांचा मान. मातीचा नवा घट भरायचा, गोवरीच्या निखाऱ्यावर एकेका पितराच्या नावाने घास सोडायचा, आणि तोवर त्या सालचा पिकला आंबा घरात कुणी जिभेला लावायचा नाही. नैवेद्य चाखणं तर सोडाच, त्याचा वासही घ्यायचा नाही. या बाबतीत देवकाबाईसारखी कडक बाई दिघोरी गावात नव्हती. सैपाक करताना सुनेने श्वास जोरात घेतला तरी म्हणायची, "नाक आवर."

ही देवकाबाई त्या एक्क्याऐंशी सालच्या पौषात गेली होती. म्हणून ही तिची पहिली तीज, पितरांत बसून पहिला घास घ्यायची.

"तुमाले तोंड सांभाळता येत नाई काय?" रुखमा म्हणाली. "मले कुठं येते घाटा?"

"येते ना. त्यात काय? आंबे, गूळ, कणी."

"अन् बिघडला तर?"

जागेश्वरचं हसू मावळलं. "बिघडला तर बाई पुन्हा नाई येनार," तो हळू म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

पुढचे आठ दिवस, तिजेपर्यंत, रुखमाच्या डोक्यातून तो घाटा गेला नाही. कारण गोदावरीबाईचं माहेर का तुटलं, हे गावाला माहीत होतं ते अर्धंच. गावाला माहीत होतं की जागेश्वरने बहिणीला वेळेवर निरोप दिला नाही. ती पोचली तेव्हा सरण जळून गेलं होतं, आईचं तोंड तिला दिसलं नाही. चौदावीलाही ती आली नाही. "माह्या भावानं मले आई पाहू देली नाई" हे ती लाखनीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि जागेश्वर मुकाट ऐकून घ्यायचा.

खरं असं होतं की त्या सकाळी देवकाबाईला हुडहुडी भरली तेव्हा जागेश्वर सदरा घालून तयार होता. लाखनीला जाऊन बहिणीला घेऊन येतो म्हणत होता. त्याला अडवलं रुखमाने. "साधी थंडी भरली हाये. बाईले काहून घाबरवता? खळ्यात धानाचं चुरणं पडलं हाये, तुमी गेले तर बैलं कोन हाकन?" जागेश्वरने सदरा काढून खुंटीला टांगला आणि धानाच्या मळणीला गेला. दिवस मावळायच्या आत म्हातारी गेली. त्या रात्री लाखनीला गाडी नव्हती, आणि गावाने पहाटेच सरण पेटवलं.

त्यानंतर चार महिन्यांत नवऱ्याने एकदाही, अगदी रागातसुद्धा, बायकोचं नाव घेतलं नव्हतं. ना बहिणीसमोर, ना बापासमोर. रुखमालाही ते सांगायचं धैर्य झालं नव्हतं. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज दिवस मावळायचा. आणि आता हा घाटा! हा बिघडला तर जागेश्वरची बहीण कायमची तुटणार, ती पण त्याने न केलेल्या चुकीपायी.

दुसऱ्याच दिवशी तिने सासऱ्याला गाठलं. सेवकराम अंगणात सुंभ वळत बसला होता.

"मामाजी, आत्याबाई घाटा कसा करत?" सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"चांगला करे."

"तसं नाई. आंबट राहे का गोड?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले, बराच वेळ विचार केला. "आंबट नसे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पन गोडबी नसे."

झालं! पन्नास वर्षं बायकोच्या हातचं जेवलेल्या माणसाची ही साक्ष. रुखमा तिथून उठली ती गिरजाबाईकडे गेली. गिरजाबाई शेजारीण, देवकाबाईच्या बरोबरीची. तिने एवढं सांगितलं की चिन्नोर तांदळाची कणी तुपावर भाजायची, पाण्यात मऊ शिजवायची, खाली उतरवून निवली की आंब्याचा रस घालायचा, वरून चारोळी. "अन् गुळाचं पानी करून ठेवायचं अलग, ते रसाच्या मानानं टाकायचं."

"म्हणजे किती पळ्या?"

"रसाच्या मानानं," गिरजाबाई म्हणाली. "आता आंबा कसा निघन ते मले इथं बसून काय माहीत?"

आधी करून पाहावं म्हटलं तर आंब्याला हात लावायची सोय नव्हती. शेवटी रुखमाने लाल कोहळं किसून त्याचा घाटा करून पाहिला. जागेश्वरने दोन वाट्या ओरपल्या आणि मिशी पुसत म्हणाला, "हा! अस्साच करे आई!"

"हे कोहळं होय."

"असन. पन अस्साच करे."

रुखमाला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. तिने ताट उचललं आणि मोरीत आदळलं.

आंब्यांचीही कथा निराळीच. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरचं मोठं झाड त्या साली फळलंच नाही. जागेश्वरने कुठल्या कुठल्या झाडांचे पाडाला आलेले आंबे मिळवले, तणसात, धानाच्या पेंढ्यात, पिकत घातले. रुखमा रोज तणस उचलून बघायची. रंग चढत होता, पण रंगावरून गावरान आंब्याची परीक्षा कोणी केली आहे? वरून पिवळाधमक आणि आत दात आंबवणारा, असे कितीतरी. दाबून बघायची, पुन्हा झाकायची. झोपेतही तिला गूळ कमी पडायचा. दचकून उठायची आणि नवऱ्याला विचारायची, "आत्याबाई कोनत्या झाडाचे आंबे घेत होत्या हो?"

"कोनतेबी," तो अर्धवट झोपेत म्हणायचा. "जे पिकले ते."

तिजेच्या दिवशी रुखमा पहाटे न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली. घर सारवून झालं. कणी भाजली, शिजवली, उतरवली. गुळाचं पाणी गाळून ठेवलं. आंबे पिळले. रस चांगला घट्ट, केशरी निघाला. तो गंजात ओतला, आणि तेवढ्यात ओसरीत आवाज आला. गोदावरीबाई आली होती. रुखमाला वाटलं होतं दुपारच्या गाडीने येईल, ही आली सकाळच्याच.

दाराच्या फटीतून तिने पाहिलं. गोदावरीबाई बापाच्या पाया पडली. भावाकडे तिने पाहिलंही नाही. जागेश्वर पाण्याचा लोटा हातात धरून तसाच उभा, आणि ती बापाला म्हणते, "घास टाकला की जातो मी."

रुखमाने दार लोटून घेतलं. घाईत कडी लावली, ती काही नीट बसली नाही. ती गंजापुढे येऊन बसली. एक पळी गुळाचं पाणी घातलं. ढवळलं. दुसरी घातली. आता? पुरे का आणखी? रंगावरून कळेना. वास घ्यावा तर तेही पाप. कपाळावरचा घाम गालावर आला. तिने डोळे मिटून सासूला विचारलं, आत्याबाई, सांगा वं, किती पळ्या? तुमी कसं ओळखत होत्या?

आणि विचारता विचारताच तिचा हात थांबला. खरंच, कसं ओळखत होती बुढी? दरसाल आंबे वेगळे, झाड वेगळं, आंबटगोड वेगळं. आणि घाटा मात्र दरसाल आंबट नाही, गोडही नाही, असा तंतोतंत. हे डोळ्यांनी जमणारं काम नव्हे. हे जिभेवाचून कोणालाच जमणार नाही, देवकाबाईलाही नाही. म्हणजे त्या लावलेल्या दाराआड...

"अगं माय!" रुखमाच्या तोंडून निघालं.

पटलं, तरी बोट धजेना. सासू चाखायची असंही आपल्याला सोयीचं म्हणून वाटत असेल. नसेल चाखत तर? पहिल्याच तिजेला त्या बाईला सुनेचं उष्टं द्यायचं? आधीच तिच्या लेकीशी तिची शेवटची भेट आपण होऊ दिली नाही, त्यात हे. पण बाहेर जागेश्वर लोटा धरून उभा होता. रुखमाने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आंबट! डोळे बारीक झाले इतकं आंबट. तिने दोन पळ्या घातल्या, पुन्हा चाखलं. अजून एक. पुन्हा चाखलं. घशाशी थोडी खवखव होती, चिमूटभर सुंठ घातली. चौथ्यांदा बोट तोंडात घातलं आणि सोळा वर्षांच्या सोळा तिजा एकदम जिभेवर आल्या. हाच! हाच तो! बोट तोंडातच होतं, आणि दार उघडलं.

दारात गोदावरीबाई उभी होती.

रुखमाला बोट काढायचंही सुधरलं नाही. गोदावरीबाईने बोट पाहिलं, गंज पाहिला. मग आत आली आणि मागे दार लावून घेतलं. कडी तिने नीट बसवली. रुखमाला वाटलं, आता कानशिलात बसणार.

"आठ वर्साची होतो मी," गोदावरीबाई दबक्या आवाजात म्हणाली. "दार उघडून आत आलो तं आईचं बोट असंच तोंडात. थोबाडीत देली मले. मंग जवळ घेतलं अन् म्हणे, कोनाले सांगशीन तं माह्या गळ्याची आन हाये. जागेश्वरले नाई सांगितलं, नवऱ्याले नाई सांगितलं." ती खाली बसली. "जागेश्वर म्हणाला, आईनं रुखमाले शिकवलं. मले खोटंच वाटलं. म्हटलं जाऊन पाहावं, दार लावते का नाई. तुले तं आईनं सारंच सांगून ठेवलं वं! मले वाटे, एकट्या मलेच माहीत." आणि तिचे डोळे भरून आले.

रुखमा सुटली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. घाटा जमला होता, नणंद रडत होती, खोटं नवऱ्याचं होतं आणि ते आपोआप खरं ठरलं होतं. यापेक्षा आणखी काय पाहिजे होतं? पण गोदावरीबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तू चांगली हायेस. जागेश्वरनंच माहा घात केला."

"नाई, बाई," रुखमा म्हणाली. "आत्याबाईनं मले काही नाई शिकवलं. आता आता कळलं, इथं बसून. अन् त्या दिवशी ते निघालेच होते तुमच्याकडे, सदरा घालून. मी थांबवलं. चुरणं पडलं हाये म्हटलं, साधी थंडी हाये म्हटलं. तुमची आई तुमाले मी पाहू देली नाई. त्यायनं माहं नाव नाई घेतलं, अन् मीबी कोनाले सांगितलं नाई."

बाहेर सेवकराम खाकरला. निखारे तयार झाल्याचं जागेश्वरने दाराबाहेरून सांगितलं. रुखमा मान खाली घालून बसली होती. कडी निघते, बाई बाहेर जाते, गाडी धरते, हे सगळं तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

"चुरणं," गोदावरीबाई शेवटी म्हणाली. "चुरण्यासाठी."

"हो."

"मी तुले माफ नाई करत, रुखमा."

"नका करू."

"चार महिने भावाले शिव्या देल्या मी." तिचा आवाज फुटला. "साऱ्या लाखनीत देल्या. अन् तो मुकाट ऐके." ती एकदम उठली, दोन्ही काठ पदराने धरून गंज उचलला आणि पुन्हा तसाच खाली ठेवला. एकटीला तो पेलला नाही. रुखमाने एक काठ धरला. दोघींनी मिळून तो उचलला.

दाराशी गोदावरीबाई थांबली. "आज आईले जेवू घालू. तुह्याशी भांडाचं हाये मले, पन ते उद्या. आज बोललो तं माह्या तोंडून काहीबाही निघन."

"उद्या?" रुखमाने विचारलं. "तुमी तं आज..."

"कपडे आणले नाई मी," गोदावरीबाई म्हणाली. "तुहं एखादं लुगडं काढून ठेव."