लाल पट्टीपर्यंत

इस्पितळाच्या एक्स-रेच्या खोलीत ती एकोणीस वर्षं काम करत होती, आणि त्या एकोणीस वर्षांत एका गोष्टीत तिचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं: गप्प राहण्यात. फोटो काढायचा, पण त्यात काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम. "काही आहे का हो त्यात?" असं कुणी विचारलं, की तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "डॉक्टर सांगतील." नवरा तर शपथेवर सांगायचा, की एकदा पहाटे त्यानं किती वाजले विचारलं, तेव्हाही झोपेत हेच उत्तर मिळालं.

रविवारी मात्र तिची पंचाईत व्हायची. चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणायचे, येशूची सुवार्ता सांगणं हे काही एकट्या पाळकाचं काम नाही. ज्यानं ऐकली त्यानं ती पुढं सांगायची. दर वर्षाच्या सुरुवातीला ते प्रत्येकाला एक कोरं कार्ड द्यायचे. येत्या वर्षात जिला येशूबद्दल सांगायचं, अशा एका व्यक्तीचं नाव त्यावर लिहायचं. तिच्या बायबलात अशी नऊ कार्डं साठली होती आणि नऊही कार्डांवर एकच नाव होतं: मामा.

मामा म्हणजे इस्पितळात स्ट्रेचर ढकलणारा. साठीला आलेला, सगळ्यांचाच मामा, आणि थट्टेखोर एक नंबरचा. दिवसातून दहा पेशंट तो तिच्या दारात आणून सोडायचा. ती चर्चला जाते हे कळल्यापासून त्यानं तिचं नाव 'वरच्या मजल्याची एजंट' ठेवलं होतं. "काय एजंटबाई, माझी खोली बुक केली का?" तो भर व्हरांड्यात ओरडायचा. ती कसनुसं हसून आत पळायची. आज सांगू, उद्या सांगू करत नऊ वर्षं गेली. हसतील, ही एक भीती. कुणी तक्रार केली तर नोकरी, ही दुसरी. आणि नीट सांगताच आलं नाही तर, ही तिसरी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही.

सोमवारी दुपारी मामा स्ट्रेचरशिवाय आला.

"आज गिऱ्हाईक मीच," तो म्हणाला. खोकताना रक्त पडलं होतं.

तिनं त्याला पाटीला छाती टेकवून उभं केलं. "हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या... रोखून धरा." काचेमागं जाऊन तिनं बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटलं. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, लिंबाएवढा पांढरा गोळा होता. असले गोळे तिनं शेकड्यांनी पाहिले होते. हा मामाच्या छातीत होता. ती बघतच राहिली.

"सोडू का गं श्वास?" पलीकडून घुसमटलेला आवाज आला. "का असाच मरू?"

"सोडा, मामा, सोडा!"

मामानं सावकाश शर्टाची बटणं लावली. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "पोरी, फोटोत काय आहे ते मी विचारत नाही. तुझ्या नोकरीवर गदा नको. दुसरंच विचारतो. माणूस मेल्यावर पुढं काय गं? तू दर रविवारी जातेस ना, तिथं काय सांगतात? चेष्टा करत नाहीये मी. मला भीती वाटतेय."

ज्यासाठी तिनं नऊ वर्षं प्रार्थना केली होती, ते आपल्या पायांनी चालत येऊन समोर उभं राहिलं होतं. तिनं तोंड उघडलं. एकोणीस वर्षांची सवय तिच्या आधी धावली.

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली.

मामानं तिच्याकडे पाहिलं, थोडं हसला. "बरं बाई, त्यांना विचारतो," म्हणाला आणि गेला. तिला मागं धावायचं होतं. पण हात मोडलेला एक माणूस दारात कण्हत होता, आणि ती त्याला सांगू लागली, "हात सरळ ठेवा."

संध्याकाळपर्यंत कळलं, खोकल्यातलं रक्त थांबत नाही, मामाला भरती करून घेतलंय, गुरुवारी सकाळी नऊला ऑपरेशन. छाती उघडणार. वय झालेलं, हृदय आधीच कमजोर. काहीही होऊ शकतं, असं डॉक्टरच म्हणाले.  मामा टेबलावरच गेला तर? आपल्याजवळ होतं ते त्याला न मिळताच तो गेला, तर देवाला काय तोंड दाखवायचं? देवाचं राहू दे, आरशाला काय दाखवायचं?

"अगं, मग उद्या जा आणि सांग," नवरा म्हणाला. "फाशी थोडीच देणार आहेत?"

"फाशी परवडली. हसतील ना!"

मंगळवारी ती वॉर्डात गेली, तर मामी पलंगाशेजारी बसलेली. बायकोदेखत मरणाच्या गोष्टी कशा काढायच्या? ती पाच मिनिटं उशीच्या अभ्र्याबद्दल बोलून परतली. बुधवारी मामी नव्हती, पण पलीकडच्या खाटेवरचा माणूस टक लावून बघत होता. तिनं सफरचंदं ठेवली आणि निघाली. मामानं दोन्ही दिवस काही विचारलं नाही. एकदाही एजंटबाई म्हटलं नाही, आणि त्याची तिला सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

गुरुवारी ती जीव मुठीत धरून साडेआठलाच पोचली, तर स्ट्रेचर वॉर्डाबाहेर निघालेलं. ढकलणारा मामाच्याच हाताखाली शिकलेला वॉर्डबॉय होता, आता त्याचेही केस पिकलेले. मागून मामी पिशवी घेऊन येत होती.

"जन्मभर ढकललं," मामा छताकडे बघत पुटपुटला, "पण वर एवढी जळमटं आहेत हे आज कळलं."

ऑपरेशन थिएटरच्या दाराआधी फरशीवर एक लाल पट्टी होती. तिच्यापुढं कुणी जायचं नाही. तिथवर लांब व्हरांडा, आणि भिंतीला टेकून पेशंटांची ही रांग. तिनं स्ट्रेचरची दांडी धरली. 

"मामा, सोमवारी तुम्ही विचारलं होतंत..."

मामानं मान वळवली. "हळू ढकल रे," तो वॉर्डबॉयला म्हणाला. मग तिला, "पट्टीपर्यंत वेळ आहे. बोल."

बायबलातली पाठ केलेली वचनं कुठल्या कुठं उडाली होती. "मला नीट बोलता येत नाही, मामा. येशूलाही भीती वाटली होती. मरणाच्या आधी त्याला घाम फुटला होता, स्वर्गातल्या बापाला त्यानं विनवण्या केल्या. तरी तो पळाला नाही. आपल्या पापांची शिक्षा त्यानं अंगावर घेतली, मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला. म्हणून मरणापाशी सगळं संपत नाही. त्याच्याकडे जो जातो त्याला तो हाकलून देत नाही. तुम्हाला काही करून दाखवायचं नाही. फक्त त्याला हाक मारायची."

रांगेतल्या माना वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?" मामानं विचारलं.

"हो."

"एकोणीस वर्षं रोज भेटत होतो आपण."

तो रागावला असता तर तिनं सोसलं असतं. त्याला नुसतं आश्चर्य वाटलं होतं.

"तुम्ही हसाल म्हणून..."

"हसलोच असतो," मामा म्हणाला. "तरी सांगायचंस."

स्ट्रेचर थांबलं. "ताई, इथून पुढं नाही," वॉर्डबॉय हळूच म्हणाला.

"हाक कशी मारायची?" मामानं घाईघाईनं विचारलं.

"मला मारता तशीच!" ती जवळजवळ ओरडली. चाकं पट्टीवरून गेली. दार ढकललं गेलं, आपोआप मिटलं. शेवटच्या क्षणी त्याचे ओठ हलले, की तो नुसता धापा टाकत होता, हे तिला कळलं नाही.

ती पट्टीवर उभी राहिली.  तेवढ्यात मागून मामीनं तिच्या बाहीला हात लावला.

"तुम्ही त्यांना काय सांगत होता? चाकांच्या खडखडाटात मला काही नीट ऐकू आलं नाही."

सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती.  भीती कणभरही कमी झाली नव्हती. तिनं मामीला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि कापऱ्या आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली.