पळसात बुडवलेली बनियन

मित्रांनो, आधी दौलतरावाची तक्रार सांगते, माझी ओळख मागून. या माणसाला आयुष्यभरात एकच प्रश्न सुचला. खेळाडू धापा टाकत मैदानाबाहेर आला की पाण्याचा गिलास पुढं करायचा सोडून हा विचारणार, "गोल किती केले?" पंगत वाढून वाढून आचारी थकला आणि त्याला कोणी म्हणालं, "तू लाडू किती खाल्ले?" तर त्याला कसं वाटेल? तसंच ते. सिंदीच्या फुटबॉल क्लबाचा हा सेक्रेटरी, आणि मैदानात काय चाललं आहे हे त्याला फक्त टाळ्या वाजल्यावरच कळायचं.

आता मी कोण ते ऐका. मी एक जुनी सुती बनियन आहे. खेळणारे मला जर्सी म्हणत, पण मला जिनं शिवलं ती बनियनच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. मी दुकानात कधी टांगली गेले नाही. माझ्या मानेला कंपनीची चिठ्ठी नाही. मांजरपाटाचं जाड कापड, कात्री उसनी, आणि टाके देवकाबाईच्या हातचे. टाके सरळ नाहीत, पण पक्के आहेत. सरळ टाक्यांच्या किती जर्सी आल्या आणि पोछ्याला गेल्या, ते मी पाहिलं आहे.

देवकाबाईचा मळा सिंदीच्या रेल्वे फाटकापलीकडं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचं आणि टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं. नवरा लवकर गेला, पण बाईचा आवाज काही खाली आला नाही. तिचा पोरगा ओमप्रकाश. चौऱ्याहत्तर साली तो क्लबात गेला तेव्हा नागपूरहून लाल नायलॉनच्या जर्सी आल्या होत्या आणि त्या वाटून संपल्या होत्या. दौलतराव त्याला म्हणाला, "तुले काऊन पाह्यजे? तू तं बाहेरच बसशीन."

पोरगा घरी येऊन उगाच वाफे खणत बसला. देवकाबाईनं कारण काढून घेतलं आणि मला बेतायला घेतलं. लाल रंग कुठून आणायचा? धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, पळस फुलला होता. फुलं गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळली, तुरटी टाकली, चुन्याची निवळी घातली. मी बाहेर निघाले ती लाल नाही, चक्क केशरी.

"माय, हे लाल नाई," ओमप्रकाश म्हणाला.

"लालच हाय. त्याइची फिकी पडली असंन."

दहा लाल पोरांमध्ये एक केशरी, असा तो पहिल्यांदा मैदानात उतरला. आणि पळसाचा रंग घामाला टिकत नाही, हे सगळ्या सिंदीनं त्या दिवशी पाहिलं. अर्ध्या तासात ओमप्रकाशच्या मानेवर, दंडावर, पाठीवर पिवळे ओघळ. पोट्टे ओरडले, "अरे, याले तं हळद लागली! नवरदेव, नवरदेव!" तेव्हापासून त्याचं नाव नवरदेव पडलं ते पडलंच. लग्न झाल्यावरही.

त्याला खेळायचं होतं पुढं, गोल मारायला. शाळेतले सदाशिवराव गुरुजी संघाला शिकवायचे. त्यांनी त्याला मळ्यात ओलीत करताना पाहिलं होतं. पाणी दांडातून यायच्या आधीच हा पोरगा कोरड्या वाफ्याचं तोंड फोडून ठेवायचा. गुरुजी म्हणाले, "तू मधात राह्य. बॉल कुठं जायले पाह्यजे ते तुले आधी दिसते."

मग तो मधात राहिला, आणि मी त्याच्या अंगावर. मधल्याचं काम काय असतं ते मला विचारा. मागच्यांना मदत हवी, मागं पळ. पुढच्यांना बॉल हवा, पुढं पळ. गोल झाला तर पुढच्याचं नाव, आपल्यावर गोल बसला तर मधल्यानं काय केलं? खेळ संपल्यावर रूपरावाची जर्सी घडी करून ठेवता येई. रूपराव म्हणजे आमचा गोल मारणारा, पोरगा वाईट नव्हे. मला मात्र पिळावं लागे, तेही दोघांनी दोन टोकं धरून. कोण किती खेळला ते पाहायला मला टाळ्या लागत नाहीत. दोरीवर वाळत घाला, कळतं.

आणखी एक गोष्ट मलाच माहीत आहे. बॉल सोडायच्या आधी ओमप्रकाश श्वास धरून ठेवी. बाहेरून दिसत नसे. माझं कापड बरगड्यांवर ताठ होई, आणि मी समजे, आता रूपरावाला मिळणार.

दर वर्षी शिमग्याच्या आधी देवकाबाई मला पुन्हा पळसात बुडवी. मी दर वर्षी नवी होई, आणि क्लबाच्या लाल जर्सी दर वर्षी जुन्या होत. मी फुशारकी मारते असं वाटलं तर वाटू द्या.

ब्याऐंशी साली स्पेनमध्ये मोठी स्पर्धा झाली. गुरुजी वर्तमानपत्र घेऊन मळ्यात आले. त्यात एका खेळाडूचा मोठा फोटो होता, अंगातली जर्सी चिंब, केस कपाळाला चिकटलेले.

"हा कोनाचा पोरगा?" देवकाबाईनं विचारलं.

"स्पेन देशाचा हाय. तिकडं एवढंच काम करते तो, फुटबॉल. पोटापान्याचा धंदाच हाय त्याचा."

"मंग गोल किती केले यानं? आमचे सेक्रेटरी पुसतीन."

गुरुजी हसले. "एकही नाई लिहिला इथं."

"मंग फोटो काऊन छापला बाप्पा?"

"मधात खेळते म्हनून. लिहिलं हाय, हा नसला तं स्पेनचा खेळच हालत नाई."

देवकाबाईनं तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. अक्षरं तिला जेमतेम लागत, पण चिंब कापड तिला वाचता येत होतं. "याच्या मायले बी पिळाव लागत असंन," ती म्हणाली आणि जवारीच्या पिठाची खळ करून तो फोटो भिंतीला चिकटवला.

याच सुमाराला दौलतरावाच्या मनात आलं की आपला भाचा मधात खेळावा. भाचा वर्ध्याला कॉलेजात होता, केस मोठे ठेवी. पुढच्या फागुनात आमचा संघ जिल्ह्याच्या फायनलला पोचला, तेव्हा दौलतरावानं सांगून टाकलं, "ओमप्रकाश बसन. दहा सालात एक गोल नाई त्याचा." ओमप्रकाश कोणाशी भांडला नाही. घरी आला, मला अंगातून काढलं आणि खुंटीला अडकवलं. मी त्याच्यावर इतकी कधी चिडले नव्हते.

पण फायनलच्या आदल्या दिवशी वर्ध्याहून निरोप आला. समोरचा संघही लालच घालतो. सिंदीनं दुसऱ्या रंगात यावं, नाहीतर येऊ नये. एका दिवसात दुसऱ्या जर्सी आणायच्या कुठून? दौलतराव सकाळपासून घरोघर फिरला आणि शेवटी बाजारात देवकाबाईच्या टोपल्यासमोर उभा राहिला.

"देवकाबाई, तुमचा तो रंग..."

"कोनता? लाल?"

दौलतराव घाम पुसत म्हणाला, "केशरी. आमच्या जर्सी बुडवून द्याल का?"

"नायलॉन पीत नाई पळस. घरोघरच्या पांढऱ्या सुती बनियना आना. पन एक गोष्ट. माया रंगाची बनियन घालून कोन मधात खेळन, ते मी सांगन."

"मॅचचं तुम्हाले काय समजते?"

"नाई समजत. मंग जा लाल घालून."

दौलतराव चार पावलं गेला आणि परत आला. "बरं. ओमप्रकाश खेळन."

देवकाबाईनं मेथीची जुडी उचलून गिऱ्हाइकाला दिली, मग म्हणाली, "असं मोठ्यानं सांगा, लोक बसले हायेत." आणि त्याला भर बाजारात मोठ्यानं सांगावं लागलं.

त्या दुपारी मळ्यात मोठा गंज चढला. पोरं स्वतः फुलं तोडून आली. संध्याकाळी दोरीवर केशरी बनियनांची रांग, आणि टोकाला मी, सगळ्यांत जुनी. त्या नवख्या माझ्याकडं बिचकून पाहत होत्या. मी म्हटलं, बायांनो, रंग चढला म्हणजे झालं नाही, उद्या तो उतरवून दाखवा.

वर्ध्याच्या मैदानात अर्ध्या तासात अकराही नवरदेव झाले. लोक हसून हसून लोळत होते. पण खेळ सुरूच राहिला, आणि हसणारे हळूहळू गप्प झाले. सामना शेवटाला येऊन ठेपला तरी गोल नव्हता. ओमप्रकाशच्या पायात बॉल आला. समोर तिघं. माझं कापड बरगड्यांवर ताठ झालं. त्यानं बॉल मोकळ्या जागी सोडला, जिथं कोणीच नव्हतं. रूपराव तिथं धावत पोचला आणि बॉल त्याच्या पायापुढं होता. गोल!

रूपरावाला खांद्यावर घेतलं. दौलतरावानं दोन हार आणले होते. एक रूपरावाला घातला, दुसरा स्वतःला घालून घेतला. रंगाबद्दल कोणी विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्याच डोक्यातली कल्पना." त्या सालापासून क्लबाचा रंग केशरी झाला, आणि आमचं नाव कुठंच आलं नाही.

पुढं तीन वर्षांनी हिंगणघाटच्या सामन्यात ओमप्रकाशचा गुडघा मोडला. खेळ थांबला तसं माझंही थांबलं. त्याची बायको गोपिका मला चुलीवरचा गंज उतरवायला वापरू लागली. मला दोन ठिकाणी जाळलं तिनं. वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू! पण उतरवलेल्या गंजात निदान घरच्यांचं वरण असायचं.

ओमप्रकाशला पोरांना शिकवायचं होतं. गुरुजी थकले होते, जागा रिकामी होती. दौलतरावानं काय विचारलं ते तुम्हाला सांगायला नको. नकार घेऊन तो लंगडत घरी आला.

आणि महिन्याभरात दौलतरावच दारात आला, सोबत रूपराव. क्लबात काचेचं कपाट केलं होतं. त्यात फायनलची बनियन ठेवायची होती. बाकीच्या फाटून गेल्या, मी एकटीच उरले. "खाली चिठ्ठी लावतो," दौलतराव म्हणाला, "फायनलच्या गोलवाली जर्सी, रूपराव."

रूपराव मान खाली घालून म्हणाला, "मी नाई म्हनलो होतो, मावशी. गोल माया, पन बॉल याचा."

ओमप्रकाश उंबऱ्यावर बसून होता. त्याला काय हवं होतं ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कपाट नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगते. आम्हाला काचेत कोंडू नका. उसवलं तर टाका घाला, मळलं तर धुवा, आणि अंगात घालून कामाला चला. आणि ज्याचं काम दिसत नाही, त्याला आधी पाणी विचारा. निवाडा मी करत नाही, तो देवकाबाईनं केला. चुलीपाशी बसलेल्या गोपिकाच्या हातातून तिनं मला ओढून घेतलं, जळकी भोकं झाकतील अशी घडी घातली, ओमप्रकाशच्या मांडीवर ठेवलं आणि दौलतरावाकडं वळली.

"दौलतभाऊ, कपाट तुमचं, काच तुमची, चावी बी तुमचीच राहू द्या. बनियन नाई भेटत. उद्या पहाटे माया पोरगा हे घालून मैदानात जाईन अन् पोट्ट्याइले मधात कसं खेळाव ते शिकवन. तुमची परवानगी पुसली नाई म्या. तुम्हाले अडवायचं असंन तं या, पन येतानी अंगातून घाम काढून या, कोरड्या मानसासंगं मी बोलत नसते."